जावकरावांचा मजबूत पासवर्ड

माणसाचा अपमान माणसाने केला तर त्याला चार शब्द सुनावता येतात. यंत्राने केला तर बोलायचं कुणाला? जावकरावांचा अपमान सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता झाला. स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या कॉम्प्युटरने, तांबड्या अक्षरांत केला. कॉम्प्युटर त्यांना म्हणाला, ‘कमकुवत’.

जावकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर जावक नंबर घालायचं काम ते सव्वीस वर्षं करत होते, म्हणून ते जावकराव. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथे ते सुखरूप होतं. त्यांच्या समोरच्या टेबलावर येणारे कागद घ्यायला आवकबाई बसायच्या. दोन टेबलांमध्ये अंतर किती, तर दोन हात. पण कागदाला ते दोन हात ओलांडायचे असतील तर जावकरावांनी नंबर घालायचा, रजिस्टरला नोंद करायची, शिपाईमामांना हाक मारायची, मामांनी कागद या टेबलावरून उचलून त्या टेबलावर ठेवायचा, आणि आवकबाईंनी शिक्का मारून पोच द्यायची. हात लांब करून कागद देणं कुणालाही जमलं असतं. पण मग ऑफिसात आणि भाजीबाजारात फरक काय राहिला, असं जावकराव विचारायचे. मामांचंही मत तेच होतं, कारण यांचे हात लांब झाले असते तर त्यांची नोकरी आखूड झाली असती.

तर त्या सोमवारी परिपत्रक आलं. सगळ्यांनी आपापल्या नेटवर्क खात्याचा पासवर्ड मंगळवार संध्याकाळच्या आत बदलावा, तो मजबूत असावा, न बदलल्यास खातं बंद होईल. जावकरावांचा पासवर्ड अकरा वर्षं एकच होता. एकपासून आठपर्यंतचे आकडे, ओळीने. तो सगळ्या ऑफिसला पाठ होता. झुरळांचं औषध मारायला वर्षातून एकदा येणारा माणूससुद्धा जाताना त्यांच्या खात्यातून क्रिकेटचा स्कोअर बघून जायचा. पण अकरा वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि याला मजबूत म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

एरवी त्यांनी खातं खुशाल बंद पडू दिलं असतं. अडचण वेगळीच होती. त्या वर्षापासून कागदी रजा बंद झाली होती. रजा टाकायची तर नेटवर्कवरून, आपल्या खात्यातून, आणि दहा दिवस आधी. जावकरावांची लेक परगावी होती आणि बाळंत व्हायची होती. पहिल्या खेपेला जावकराव वर्षअखेरच्या टपालात असे अडकले, की ते पोचले तेव्हा नातू सहा दिवसांचा झाला होता. ‘सहा दिवसांचा’ हे दोन शब्द बायकोने नंतर पाच वर्षं जपून वापरले. गॅस संपला, नळ गळला, कशाचंही बोलणं असो, शेवटी गाडी सहाव्या दिवसावर यायची. या खेपेला लेकीने फोनवर सांगितलं होतं, बाबा, तुम्ही दोघंही आधी या. बायकोने त्यावर काही जोडलं नाही. नुसतं बघितलं.

म्हणून जावकराव पासवर्डाला बसले. आधी स्वतःचं नाव घातलं. तांबडी पट्टी, ‘कमकुवत’. नावापुढे जन्मसाल घातलं. ‘कमकुवत’. मग इकडेतिकडे बघून बायकोचं नाव घातलं. तरी ‘कमकुवत’. हे बाकी घरी सांगायचं नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

घरी गेल्यावर त्यांनी नुसती अडचण सांगितली. बायको म्हणाली, त्यात काय एवढं, माझी जन्मतारीख घाला. जावकराव बरं म्हणाले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण बायकोने सहज विचारल्यासारखं विचारलं, की सांगा बरं कधी असते. जावकरावांनी आत्मविश्वासाने तारीख सांगितली. महिना बरोबर होता. तारीख त्यांच्या बहिणीची निघाली. त्या रात्री जेवताना वरणात मीठ होतं का नव्हतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

शेजारी एक काका राहायचे, बँकेतून रिटायर झालेले. पासवर्ड या विषयावर आपला अधिकार आहे असं त्यांना वाटायचं. त्यांनी दारातच अर्धा तास समजावून सांगितलं. पासवर्डाचे दोन तुकडे करायचे, पहिला डायरीत लिहायचा, दुसरा भिंतीवरच्या कॅलेंडरमागे. चोराला एक सापडला तरी दुसरा सापडत नाही. जावकरावांनी विचारलं, की तुम्ही असंच करता का. काका म्हणाले, हो, फक्त जानेवारीत काकूंनी कॅलेंडर बदललं, तेव्हापासून माझाही पासवर्ड अर्धाच आहे.

खालचा इस्त्रीवाला त्याहून व्यवहारी निघाला. तो म्हणाला, साहेब, काहीही ठेवा, पण कागदावर लिहून शर्टाच्या खिशात ठेवू नका. तुमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांचे पासवर्ड माझ्याकडे येऊन गेलेत. मी कागद वाचत नाही, पण इस्त्री करून परत देतो.

मंगळवारी सकाळी जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी ‘ठरला का हो?’ असं विचारलं. लग्नाच्या मुलीच्या बापाला विचारतात, अगदी त्या सुरात. जावकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जी गोष्ट कुणाला कळू द्यायची नाही, तिची चौकशी सबंध बिल्डिंग करत होती.

ऑफिसात गेल्यावर ते मुकाट्याने तळघरात उतरले. तिथे सर्व्हरबाई बसायच्या. नेटवर्कचं सगळं त्यांच्या हातात होतं. यंत्रांना गारवा लागतो म्हणून त्यांची खोली बारा महिने थंडगार असायची आणि त्या भर उन्हाळ्यात स्वेटर घालून यायच्या. त्यांनी जावकरावांचे सगळे प्रयत्न ऐकून घेतले, हसल्या नाहीत, आणि हे जावकरावांना फार लागलं. हसल्या असत्या तर रागावता आलं असतं.

त्यांनी सांगितलं ते असं. नाव नको, तारीख नको. एक लांब वाक्य घ्यायचं, इंग्रजी अक्षरांत सलग लिहायचं. वाक्य असं हवं की जे फक्त तुम्हाला माहीत आहे, घरात, ऑफिसात, कुठेच तुम्ही बोललेला नाहीत. मागे दोन आकडे आणि एखादं चिन्ह लावायचं, ज्यांचा तुमच्याशी काही संबंध नाही. आणि कॉम्प्युटरला चिठ्ठी चिकटवायची नाही. लिहायचंच असेल तर कुलपात ठेवा.

फक्त आपल्यालाच माहीत असलेलं वाक्य. जावकराव तळघरातून चार मजले चढत विचार करत होते. आणि चढता चढताच ते वाक्य सापडलं, कारण ते चार मजले चढतच होते त्या वाक्यामुळे.

त्याचं असं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत, साहेब बाहेर गेलेले असताना जावकराव फाईल ठेवायला केबिनमध्ये गेले. साहेबांची खुर्ची गरगर फिरणारी होती. चोवीस वर्षं लाकडी खुर्चीत काढलेल्या माणसाने अशा खुर्चीसमोर एकटं उभं राहू नये. जावकराव बसले. एक गिरकी घेतली. दुसरी घेतली. तिसरीला पाय भिंतीला टेकवून जोर लावला आणि खालून ‘कट्’ असा आवाज आला. उठून बघितलं तर खुर्ची उभी होती, पण दुखणं लपवणाऱ्या माणसासारखी उभी होती. जावकराव हळूच बाहेर आले. तीन वाजता साहेब येऊन बसले आणि खुर्चीसकट खाली गेले.

लागलं काही नाही. पण खाली बसल्या बसल्याच साहेब म्हणाले, “वजन फार वाढलंय माझं.” तेव्हाच कुणीतरी बोलायला हवं होतं. कोणी बोललं नाही, आणि जावकराव तर अजिबात बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून साहेब पहाटे चालायला लागले. साहेबांच्या बाईंनी डब्यात उकडलेल्या भाज्या द्यायला सुरुवात केली. इथवर ठीक होतं. पण साहेबांना आपल्याबरोबर सगळं ऑफिस सुधारावंसं वाटलं. चहातली साखर बंद झाली. लिफ्टवर पाटी लागली, ‘फक्त फायलींसाठी’. सोमवारी सोमवारी तब्येतीवर वीस मिनिटं भाषण सुरू झालं. चाळीस माणसं दोन वर्षं बिनसाखरेचा चहा पीत होती, आणि फायली लिफ्टने जात असताना जिन्याने चढत होती. कुणामुळे, हे जगात एकालाच ठाऊक होतं, आणि तोही चढत होता.

जावकरावांनी सलग टाईप केलं, ‘साहेबांची खुर्ची मीच मोडली’. मागे आपल्याशी संबंध नसलेलं काही हवं, म्हणून डोळे मिटून दोन आकडे आणि एक चिन्ह दाबलं. पट्टी तांबडीची पिवळी झाली, पिवळीची हिरवी झाली आणि तिच्यावर शब्द उमटला, ‘मजबूत’.

जावकरावांनी मामांना बोलावून ती पट्टी दाखवली. आवकबाईंनी मान वर करून बघितली आणि ‘बरं’ म्हणाल्या.

आता एखादा असता तर पासवर्ड कागदावर लिहून ड्रॉवरला कुलूप लावून मोकळा झाला असता. पण कुलपात ठेवायचा कागद म्हणजे गोपनीय कागद, आणि गोपनीय कागदाची एक रीत आहे. जावकरावांनी तो लिफाफ्यात घातला. लाखेने बंद केला. वर ‘गोपनीय’ असा शिक्का मारला, जावक क्रमांक घातला, रजिस्टरला नोंद केली आणि मामांना हाक मारली. मामांनी तो दोन हात पलीकडे नेऊन ठेवला. आवकबाईंनी आवक क्रमांक घातला, पोच दिली आणि लिफाफा साहेबांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात ठेवला. किल्ली बाईंकडेच असायची. इतका व्यवस्थित पासवर्ड त्या ऑफिसात दुसऱ्या कोणाचा नव्हता. जावकराव कॉम्प्युटर बंदच करत नसत, त्यामुळे पुढचे तीन दिवस पासवर्डाची गरज कोणाला पडली नाही.

गुरुवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला. डॉक्टरांनी तारीख दिली होती. हिशेब केला तर रजा शुक्रवारी पाच वाजायच्या आत टाकायलाच हवी होती. बायकोने बॅगा काढल्या. जावकराव म्हणाले, काळजी करू नको, माझं खातं आता मजबूत आहे.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मामांना आपली किटली लावायला जागा हवी होती. त्यांनी एक प्लग काढला. तो जावकरावांच्या कॉम्प्युटरचा होता.

तीन वाजता कॉम्प्युटरने अदबीने पासवर्ड विचारला. वाक्य जावकरावांना पाठ होतं, वाक्य तर ते दोन वर्षं रोज मनात म्हणत होते. पण मागचे दोन आकडे आणि चिन्ह? आपल्याशी काही संबंध नसलेला आकडा हवा म्हणून घेतला होता, तो आता संबंध दाखवायला तयार नव्हता. एक आकडा टाकला, चूक. दुसरा टाकला, चूक. मंगळवारसारखे डोळे मिटून बोट ठेवून बघितलं, तेही चूक. चौथ्यांदा चुकल्यावर त्यांनी तळघरात फोन लावला. सर्व्हरबाई म्हणाल्या, आता हात लावू नका, पाचव्यांदा चुकलं तर खातं बंद होईल. मग उघडायला अर्ज, साहेबांची मंजुरी आणि तीन दिवस. जावकराव म्हणाले, अर्ज आत्ताच देतो. बाई म्हणाल्या, तो नेटवर्कवर भरायचा असतो, तुमच्याच खात्यातून.

हा नियम कोणी केला असेल त्याच्याबद्दल जावकरावांना एकीकडे आदरच वाटला.

पावणेचार वाजले होते. जावकराव उठले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते दोन हात स्वतः चालून गेले. आवकबाईंनी चष्म्यावरून बघितलं. जावकरावांनी खालच्या आवाजात अडचण सांगितली. लिफाफा आपलाच आहे, आत जे आहे तेही आपलंच, साहेब मीटिंगहून यायच्या आत कपाट उघडून तेवढं बघू दिलं तर फार उपकार होतील.

“गेल्या महिन्यात मी एक लिफाफा चुकून फोडला होता,” आवकबाई म्हणाल्या, “तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर मला काय सांगितलंत?”

जावकरावांना ते आठवत होतं. चांगलं दहा मिनिटं सांगितलं होतं.

“गोपनीय लिफाफा फक्त कार्यालयप्रमुख फोडतील. आत फोडणाऱ्याच्या स्वतःच्या घरचं पत्र असलं तरी. हे तुमचेच शब्द. मी लिहून ठेवलेत, काढू का?”

“नको,” जावकराव म्हणाले.

“मला काही आनंद होत नाहीये हं,” आवकबाई म्हणाल्या. पण होत होता.

मग सरळ हिशेब उरला. लिफाफा साहेब फोडणार, साहेब वाचणार. नाही फोडला तर रजा गेली. जावकरावांनी मनात दोन पारडी धरली. एकात सव्वीस वर्षांची अब्रू, दुसऱ्यात रजा. अब्रूचं पारडं चांगलंच जड होतं. इतक्यात बायकोचा फोन आला. बॅगा भरून झाल्या होत्या, बाळाची दुपटी वरच ठेवली होती. रजा टाकली का, असं तिने विचारलं. जावकराव म्हणाले, टाकतोय. ती म्हणाली, बरं. सहाव्या दिवसाचं काही बोलली नाही. बोलली असती तर कदाचित ते भांडून मोकळे झाले असते. फोन ठेवून त्यांनी शर्ट नीट खोचला आणि साहेबांच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

साहेब सव्वाचारला आले. अंगाने वाळले होते, पट्ट्याला चार भोकं नवीन पाडून घेतली होती. त्यांनी सगळं ऐकलं, आवकबाईंकडून लिफाफा घेतला आणि नियमाप्रमाणे बाईंना बाहेर जायला सांगितलं. बाई गेल्या, पण फार लांब गेल्या नाहीत.

“साहेब, एक विनंती आहे,” जावकराव म्हणाले. “शेवटचे दोन आकडे आणि चिन्ह तेवढं सांगा. आधीचं वाचू नका.”

“आधीचं वाचून मला काय करायचंय,” साहेब म्हणाले.

माणूस सज्जन होता, न वाचायचा त्यांचा खराच विचार होता. पण सगळं एका ओळीत सलग लिहिलेलं. शेवटाला पोचायचं तर आधीच्यावरून जावंच लागणार. साहेबांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं आणि लहान मुलासारखं अक्षर अक्षर लावत निघाले. ‘सा... हे... बां... ची...’ इथवर आवाज खणखणीत होता. ‘खुर्ची’ला बारीक झाला. पुढचं त्यांनी मनात वाचलं.

साहेबांनी कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा वाचला. मग आपण बसलो होतो त्या खुर्चीकडे खाली बघितलं.

“कधी?”

“त्याच दिवशी, साहेब. दुपारी. तिसऱ्या गिरकीला.”

“म्हणजे मी बसायच्या आधीच.”

“हो.”

“दोन वर्षं मी उकडलेला भोपळा खातोय, जावकराव.”

यावर काय बोलायचं असतं? जावकराव म्हणाले, “तब्येत मात्र छान झालीय तुमची.” बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, जीभ चावली असती तर बरं झालं असतं.

साहेबांनी घड्याळात बघितलं. मग कागद टेबलावरून हलकेच सरकवला. नंबर नाही, शिक्का नाही, मामा नाहीत, हातातून सरळ हातात.

“पाच वाजायला वीस मिनिटं आहेत,” ते म्हणाले. “जा, रजा भरा.”

जावकरावांनी पाचव्यांदा पासवर्ड टाकला. खातं उघडलं. त्यांनी रजा भरली आणि पाठवली. पाठवली म्हणजे कुठे, तर साहेबांकडेच. मंजूर करायची की नाही हे त्यांच्याच हातात. चार पंचावन्नला उत्तर आलं. ‘मंजूर.’ खाली शेरा होता, ‘सदर पासवर्ड आता दोघांना माहीत असल्याने कमकुवत झाला आहे. परतताच बदलावा.’

जावकराव तो शेरा वाचत होते तोवर केबिनची घंटा वाजली. मामा आत गेले आणि गोंधळलेल्या चेहऱ्याने बाहेर आले. साहेबांनी चहा सांगितला होता. दोन चमचे साखर घालून.

लेक दोन दिवस आधीच बाळंत झाली. नात झाली. जावकराव तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसलेले होते आणि नात पावणेदोन तासांची असताना त्यांनी तिला हातात घेतलं. बायकोने वेळ बघून ठेवली. पुढे कोणी विचारो न विचारो, ‘पावणेदोन तासांची’ असं ती सांगायला लागली. त्याचं थोडंसं श्रेय जावकरावांनाही आहे असं ती मानायची, असा जावकरावांचा समज आहे.

पंधरा दिवसांनी ते कामावर आले तर लिफ्टवरची पाटी गेली होती. सोमवारचं भाषण मात्र चालू होतं. पहिल्याच दिवशी अकरा वाजता साहेबांच्या बाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, यांचं ऑफिसात खाणंपिणं नीट पथ्याचं आहे ना, वजन पुन्हा वाढायला लागलंय. जावकरावांनी केबिनच्या काचेतून बघितलं. साहेबांनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं होतं आणि ते टक लावून त्यांच्याकडेच बघत होते.

“अगदी पथ्याचं,” जावकराव म्हणाले. “चहासुद्धा बिनसाखरेचा.”

फोन ठेवून ते पासवर्ड बदलायला बसले. या खेपेला शेजारी विचारावं लागलं नाही, तळघरात उतरावं लागलं नाही. लांब वाक्य तयार होतं. ‘साहेब ऑफिसात गोड चहा पितात.’ मागे दोन हा आकडा, कारण चमचे दोन, आणि चार हा आकडा, कारण वेळ चारची. दोन आकड्यांच्या मध्ये एक चिन्ह. पट्टी एका दमात हिरवी झाली.

आवकबाईंनी विचारलं, लिफाफा पाठवताय ना, शिक्का काढून ठेवते. जावकराव म्हणाले, नको, या वेळी पाठ आहे.

पाठ राहणारच होता. रोज चारच्या ठोक्याला मामा ट्रे घेऊन केबिनमध्ये जायचे, एक कप तिथे ठेवायचे आणि दुसरा जावकरावांच्या टेबलावर आणून ठेवायचे. आत बरोबर दोन चमचे साखर असायची.